गल्याथ किती उंच होता?

दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. इस्राएली आणि पलिष्टी यांच्या फौजा समोरासमोर उभ्या आहेत. पलिष्ट्यांचा गल्याथ नावाचा धिप्पाड योद्धा रोज पुढे येऊन द्वंद्वयुद्धाचे आव्हान देतो आणि ते स्वीकारायला कोणी धजावत नाही. अखेर दावीद नावाचा एक मेंढपाळ पोरगा गोफण घेऊन पुढे होतो आणि एका गोट्यात त्याला लोळवतो. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात ही कथा येते.

तेथे गल्याथची उंची दिली आहे : सहा हात आणि एक वीत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर. वीत त्याच्या निम्मी. हिशेब केला तर उंची जवळजवळ २९३ सेंटिमीटर, म्हणजे साडेनऊ फुटांच्या वर जाते. माणूस इतका उंच असू शकतो का? ज्यांची उंची डॉक्टरांनी नीट मोजून नोंदवली आहे अशा माणसांत सर्वांत उंच होता अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो. १९४० साली त्याची उंची २७२ सेंटिमीटर भरली होती. त्याला पियूषिका ग्रंथीचा विकार होता आणि चालताना पायांना पट्ट्यांचा आधार लागत असे. चिलखत घालून लढायला उतरणे त्याला शक्यच नव्हते.

वर्गात असा प्रश्न निघाला की दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक, ‘जुन्या कथा त्या, त्यांत काय शोधायचे?’ दुसरे, ‘त्या काळची माणसेच उंच असत.’ ही दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी पुस्तक उघडून पाहिलेले नसते. आम्हाला तिसराच प्रश्न पडतो : ‘सहा’ हा आकडा पुस्तकात आला कोठून?

कारण तो सगळीकडे सहा नाही. जुन्या कराराचे इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ग्रीक भाषांतर झाले. त्याच्या जुन्या प्रतींत गल्याथ चार हात आणि एक वीत उंच आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस हाही चारच हात म्हणतो. चार हात आणि वीत म्हणजे सुमारे २०२ सेंटिमीटर, अर्थात पावणेसात फूट. इतका उंच माणूस आपल्यालाही एखाद्या वेळी बसस्थानकावर दिसतो आणि आपण वळून पाहतो.

आता खरा आकडा कोणता? लेखकाने लिहिलेली मूळ प्रत हाती असती तर प्रश्न मिटला असता. पण बायबलमधील एकाही पुस्तकाची मूळ प्रत उपलब्ध नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला, आणि त्यांच्याही नकला. नव्या कराराचीच पूर्ण वा त्रुटित अशी ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. ज्यात काही लांबीचा मजकूर आहे अशी कोणतीही दोन घेतली तर ती तंतोतंत सारखी निघत नाहीत. जॉन मिल या इंग्रज अभ्यासकाने तीस वर्षे खपून १७०७ साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली आणि तीत सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले. देवाच्या शब्दात तीस हजार फरक! इंग्लंडात मोठाच गदारोळ उडाला. मिल मात्र तो ऐकायला राहिला नाही. ग्रंथ निघाल्यानंतर दोनच आठवड्यांत तो वारला.

गंमत अशी की ज्या पाठभेदांमुळे लोक हादरले, तेच मूळ पाठाकडे जाण्याचे साधन ठरले. सगळ्या प्रती एकसारख्या असत्या तर त्या अचूक आहेत की सगळ्यांत एकच चूक आहे, हे कळायला मार्गच उरला नसता.

हे कसे, ते एका घरगुती उदाहरणाने पाहू. समजा एका वाक्याच्या पाच नकला आपल्याला सापडल्या. मूळ कागद हरवला आहे.

क : सखूने विहिरीवरून पाणी आणले, पाणी तापवले आणि चुलीवर भात ठेवला.
ख : सखूने विहिरीवरून पाणी तापवले आणि चुलीवर भात ठेवला.
ग : सखूने विहिरीचे पाणी तापवले आणि चुलीवर भात ठेवला.
घ : सखूने विहिरीचे पाणी तापवले आणि चुलीवर डाळ ठेवली.
च : सखूने नदीवरून पाणी आणले, पाणी तापवले आणि चुलीवर भात ठेवला.

मतमोजणी केली तर ‘पाणी आणले’ हे शब्द मुळात नव्हते असा निकाल लागेल, कारण पाचांपैकी तीन प्रतींत ते नाहीत. पण ख जरा निरखून पाहा. ‘विहिरीवरून पाणी तापवले’ असे कोणी लिहिणार नाही. लिहिणाऱ्याने पहिल्या ‘पाणी’पर्यंत उतरवले, मान खाली घालून कागदावर लिहिले, पुन्हा वर पाहिले तेव्हा नजर दुसऱ्या ‘पाणी’वर पडली आणि तो तेथून पुढे गेला. मधले दोन शब्द गळले. ज्यांनी आयुष्यात वह्या तपासल्या आहेत त्यांना ही चूक नव्याने सांगायला नको. पुढचा नकलकार हुशार होता. वाक्य बिघडले आहे हे त्याच्या ध्यानात आले, पण गळलेले शब्द त्याला ठाऊक नव्हते. मग त्याने ‘विहिरीवरून’चे ‘विहिरीचे’ करून वाक्य सरळ केले. हा ग. त्यावरून घ उतरला आणि त्यात भाताची डाळ झाली.

म्हणजे ख, ग आणि घ हे तीन साक्षीदार नव्हेत. ते एकाच घराण्यातले आहेत आणि तिघांची मिळून साक्ष एकच. उद्या घ वरून आणखी पन्नास प्रती निघाल्या तरी ती एकच राहील. दुसरीकडे ‘नदी’ फक्त च मध्ये आहे. क आणि ख-ग-घ या दोन वेगळ्या शाखांत ‘विहीर’ आहे. तेव्हा नदी ही च ची स्वतःची भर. मूळ वाक्य क प्रमाणे होते, असे आता पुष्कळशा खात्रीने म्हणता येते.

यात कळीची गोष्ट एकच आहे. दोन प्रती बरोबर मजकुरात जुळल्या तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी काहीच कळत नाही. बरोबर मजकूर दोघांना स्वतंत्रपणे मुळाकडून मिळालेला असू शकतो. पण दोघींत तीच विचित्र चूक असेल, तर ती त्यांना एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याचा संभव फार मोठा असतो. परीक्षेत शेजारी बसलेल्या दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर आपण संशय घेत नाही. दोघांनी ‘प्लासीची लढाई १५७५’ असे लिहिले की घेतो.

आमचे रोजचे काम जनुकांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहण्याचे आहे. म्हणून हा भाग वाचताना आम्हाला आपल्याच घरात आल्यासारखे वाटते. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस ते करू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक जनुक आपल्यात मोडलेल्या अवस्थेत आहे. चिंपांझी आणि माकडांच्या अनेक जातींतही ते मोडलेले आहे, आणि मोडतोडीच्या खुणा आपल्यातल्या खुणांशी जुळतात. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, पण त्याच्या जनुकातली मोडतोड वेगळी आहे. परिणाम तोच, चूक मात्र त्याची स्वतःची. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, याला निर्दोष जनुकांपेक्षा हे बिघडलेले जनुक अधिक बोलका पुरावा आहे. झुकरकांड्ल आणि पॉलिंग यांनी १९६५ साली रेणूंना उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज म्हटले ते याच अर्थाने. पुढे १९९८ मध्ये उलटा प्रवासही झाला. चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांचा वंशवृक्ष जीवशास्त्रज्ञांच्या संगणक-पद्धतींनी काढून तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध करण्यात आला.

पुन्हा गल्याथकडे वळू. हिब्रू जुन्या कराराची जी संपूर्ण हस्तलिखिते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांना ठाऊक होती, त्यांतली सर्वांत जुनीही इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमाराची. त्यांत गल्याथ सहा हात उंच. ग्रीक भाषांतरात तो चार हात, पण भाषांतरकारानेच अतिशयोक्ती नको म्हणून आकडा कमी केला असेल, असे म्हणायला जागा होती. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. चौथ्या गुहेत शमुवेलाच्या पुस्तकाची एक फाटकीतुटकी हिब्रू गुंडाळी निघाली, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची; म्हणजे आधीच्या हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षांनी जुनी. तीत गल्याथची उंची चार हात आणि एक वीत आहे. भाषांतरकाराने काही कमी केले नव्हते. त्याच्यासमोरच्या हिब्रू प्रतीतच चार होते.

मग चाराचे सहा कसे झाले? काही अभ्यासकांचे म्हणणे असे की थोड्याच ओळींनंतर गल्याथच्या भाल्याच्या पात्याचे वजन सहाशे शेकेल दिले आहे आणि नकलकाराची नजर त्या ‘सहा’वर घसरली. इतरांना वाटते की कथा सांगता सांगता राक्षस वाढत गेला. सहाच मूळ मानणारेही अभ्यासक आहेत. आमचा कौल चाराच्या बाजूने आहे, कारण साक्षीदार जुने आहेत आणि निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत.

त्याच गुंडाळीत आणखी एक नवल निघाले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात नाहाश नावाचा राजा एका गावाला वेढा घालतो आणि तहासाठी अट घालतो की गावातल्या प्रत्येकाचा उजवा डोळा काढला जाईल. एवढ्या क्रूर अटीचे कारण प्रचलित पाठात सापडत नाही. कुमरानच्या गुंडाळीत त्याआधी एक संपूर्ण परिच्छेद आहे : नाहाशने आसपासच्या प्रदेशातल्या इस्राएलींचे डोळे आधीच काढले होते आणि त्याच्या हातून निसटलेली माणसे या गावात आश्रयाला आली होती. जोसिफसलाही ही हकीकत ठाऊक होती. हा परिच्छेद नकलेत गळला असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि १९८९ सालच्या एका प्रमुख इंग्रजी भाषांतरात तो परत घेतला गेला. सखूचे ‘पाणी आणले’ परत मिळाले तसेच हे झाले.

सगळे बदल नजरचुकीचे नसतात. इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नव्या कराराची छापील आवृत्ती काढली. घाई इतकी होती की प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ असल्याचे दिसताच त्याने शेवटच्या सहा ओव्या लॅटिनमधून उलट ग्रीकमध्ये भाषांतरित करून टाकल्या. वाद पेटला तो मात्र दुसऱ्या जागेवरून. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, स्वर्गात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तीन साक्षीदार असून ते एकच आहेत, अशा आशयाचे शब्द लॅटिन प्रतींत होते. त्रैक्याच्या सिद्धांताला इतका थेट आधार बायबलमध्ये दुसरीकडे नाही. इरॅस्मसला ग्रीक हस्तलिखितांत ते आढळले नाहीत, म्हणून त्याने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतले नाहीत. टीकेचा भडिमार झाला. मग एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले ज्यात ते शब्द होते. ते त्याच सुमारास लिहिलेले होते! १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ते शब्द छापले, आणि तेथून ते १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये गेले.

या शब्दांचा छडा लावणाऱ्यांत आयझॅक न्यूटन होता, हे वाचून विज्ञानाच्या शिक्षकांना आश्चर्य वाटेल. १६९० साली त्याने तत्त्वज्ञ जॉन लॉक याला पाठवलेल्या एका प्रदीर्घ पत्रात हे वाक्य ग्रीक, सिरियाक, इथिओपिक इत्यादी कोणत्या परंपरेत आहे आणि कोणत्यात नाही याची छाननी केली, आणि ते मागाहून घुसडलेले असल्याचे दाखवले. पत्र निनावी छापायचे ठरले होते, पण न्यूटननेच माघार घेतली. भीती अनाठायी नव्हती. १६९७ मध्ये एडिनबरोत एका तरुण विद्यार्थ्याला ईशनिंदेच्या आरोपावरून फाशी दिले गेले, आणि त्याच्या गुन्ह्यांत त्रैक्याची टवाळी हाही एक होता. न्यूटनचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १७५४ साली छापला गेला. आज त्याचा निष्कर्ष चर्चच्या विद्वानांनाही मान्य आहे आणि आधुनिक भाषांतरांच्या मजकुरात ते शब्द सहसा नसतात. त्रैक्यावरची श्रद्धा त्यामुळे बुडाली असे काही झाले नाही.

मुद्दाम केलेल्या बदलांसाठी अभ्यासकांचा एक नियम आहे. जर्मन धर्मपंडित बेंगेल याने तो १७३४ च्या सुमारास मांडला : दोन पाठांपैकी जो अधिक अवघड किंवा अडचणीचा, तो बहुधा जुना. नकलकार सोपे अवघड करत नाही. अवघड सोपे करतो, खटकणारे गुळगुळीत करतो. मार्क सांगतो की येशूला आपल्या गावी, थोड्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे, चमत्कार करता आला नाही. मत्तय तोच प्रसंग सांगताना म्हणतो की त्याने तेथे फार चमत्कार केले नाहीत. ‘करता आला नाही’चे ‘केले नाहीत’ होणे समजू शकते. भक्ताच्या हातून उलटा बदल होणे कठीण. मार्कचे शुभवर्तमान मत्तयाच्या आधीचे असे बहुसंख्य अभ्यासक मानतात, त्यामागे अशा अनेक जागा आहेत.

येथे विज्ञानाच्या माणसाने हात वर करून विचारायला हवे : हा नियम बरोबर आहे हे कशावरून? पद्धत तपासायची तर ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण हवे. बायबलच्या बाबतीत ते मिळणार नाही. सुदैवाने विसाव्या शतकातल्या एका विज्ञानपटाने अशी तयार सामग्री पुरवली आहे.

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यात हान सोलो हा तस्कर एका दारूच्या गुत्त्यात बसलेला असताना ग्रीडो नावाचा मारेकरी त्याच्यावर पिस्तूल रोखतो. हान बोलता बोलता टेबलाखालून गोळी झाडून त्याला ठार करतो. ग्रीडोने गोळी झाडलेलीच नाही. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस याने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा काढला. त्यात ग्रीडो आधी गोळी झाडतो, अगदी जवळून, आणि नेम चुकतो; मग हान झाडतो. २००४ च्या डीव्हीडीत दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात. २०१९ मध्ये आणखी एक रूप आले. त्यात गोळी सुटण्यापूर्वी ग्रीडो एक अगम्य शब्द उच्चारतो.

समजा हजार वर्षांनी केवळ ही चार रूपे उरली आणि साल कोणावरच नाही. बेंगेलचा नियम लावा. नायकाने समोरच्याला संधी न देता मारणे हा अडचणीचा पाठ. नायकाने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडणे हा गुळगुळीत पाठ. म्हणून पहिला जुना. उत्तर बरोबर! शिवाय हाताच्या अंतरावरून मारेकऱ्याचा नेम चुकणे हे ‘विहिरीवरून पाणी तापवले’सारखेच आहे. दुरुस्तीचा टाका दिसतो. चित्रपटाच्या सुरुवातीचे ‘भाग चौथा’ हे शीर्षकही १९७७ मध्ये नव्हते. ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडले गेले. पुढचे भाग निघाल्यावर आधीच्या पुस्तकाला नवा मथळा मिळावा, हे बायबलच्या अभ्यासकाला मुळीच नवे नाही.

पद्धत नापास झाल्याचेही उदाहरण दिले पाहिजे. रोनाल्ड नॉक्स या ऑक्सफर्डच्या तरुण अध्यापकाने १९११ साली शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या जर्मन चिकित्सकांची सगळी हत्यारे त्याने गंभीर चेहऱ्याने होम्सवर चालवली. धबधब्याच्या प्रसंगानंतरच्या कथांतला होम्स वेगळा वाटतो, तेव्हा त्या कोणा ‘उत्तर-वॉटसन’ने रचल्या असाव्यात, असे मानणारे विद्वान त्याने स्वतःच कल्पिले आणि त्यांचे दाखले दिले. सगळ्या कथा एकट्या कॉनन डॉइलच्या होत्या आणि तो हयात होता! नॉक्सचा हेतू चिकित्सकांची थट्टा करण्याचा होता, पण तिच्यातला इशारा खरा आहे. हस्तलिखिते समोर असताना शाखा काढणे वेगळे, आणि एकच पाठ हाती असताना शैलीच्या बळावर त्याचे तुकडे पाडणे वेगळे. पहिल्या कामावर आमचा विश्वास आहे, दुसऱ्यावर बेताचाच. नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि त्याने संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले.

बायबलमध्ये कोणती पुस्तके अधिकृत, या यादीला ‘कॅनन’ म्हणतात. होम्सच्या कथांना हा शब्द लावण्याचे श्रेय सहसा नॉक्सला दिले जाते, आणि तेथून तो विज्ञानकथांच्या चाहत्यांत पसरला. नव्या करारातल्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केले की चित्रपटांबाहेरच्या जवळजवळ सगळ्या जुन्या कादंबऱ्या आणि चित्रकथा यापुढे कॅनन नाहीत. चाहते भडकले. त्या रागाचे स्वरूप पाहिले की चौथ्या शतकात यादीबाहेर राहिलेल्या ग्रंथांच्या वाचकांना काय वाटले असेल, याची थोडी कल्पना येते.

आता अवघड भाग. ल्यूकसचे म्हणणे असे की १९९७ चे रूपच त्याच्या मनात पहिल्यापासून होते. मग ‘मूळ’ कोणते? लोकांनी आधी पाहिले ते, की कर्त्याला अखेर हवे होते ते? वंशवृक्ष कोणते रूप आधीचे एवढेच सांगतो. जुन्या करारातील यिर्मयाच्या पुस्तकाबाबत हाच पेच आहे. ग्रीक भाषांतरातले यिर्मया हिब्रूतल्यापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि प्रकरणांचा क्रमही वेगळा आहे. भाषांतरकाराने काटछाट केली, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. कुमरानला दोन्ही तऱ्हेचे हिब्रू तुकडे सापडले. म्हणजे एकाच पुस्तकाची लहान आणि मोठी अशी दोन रूपे एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होती. येथे चुकलेली प्रत आणि बरोबर प्रत असा सवाल राहत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार झाली तेव्हा हाच प्रश्न याहूनही मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. एकूण १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. बर्लिनला शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी युरोपात घडलेली ही पद्धत येथे आणली, पण तिच्या मर्यादाही त्यांनी ओळखल्या. महाभारत पिढ्यान्पिढ्या तोंडी सांगितले गेले आणि शाखांची आपसात सतत देवाणघेवाण झाली. त्यामुळे व्यासांचे मूळ शब्द परत मिळवल्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तितके जुने रूप, एवढेच त्यांनी म्हटले. ही आवृत्ती भाविकांना दुखावणारी आहे असे मानणाऱ्यांनी सुकथनकरांची प्रस्तावना एकदा वाचावी.

नकलकाराच्या बाजूने हे सारे कसे दिसत असेल, ते एका विज्ञान कादंबरीने दाखवले आहे. वॉल्टर मिलर हा अमेरिकन तरुण दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील माँते कासिनोचा मठ जमीनदोस्त करणाऱ्या हल्ल्यात त्याचा सहभाग होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापन केलेल्या या मठात मध्ययुगात असंख्य हस्तलिखिते उतरवली गेली होती. (ग्रंथसंग्रह काही महिने आधी रोमला हलवला होता, म्हणून वाचला.) युद्धानंतर मिलर कॅथलिक झाला, आणि १९५९ च्या अखेरीस त्याची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

तिच्यात अणुयुद्धानंतर लोकांनी शास्त्रज्ञांना आणि पुस्तकांना संपवले आहे. लीबोविट्झ नावाच्या इंजिनियरने स्थापलेल्या मठातले भिक्षू उरलेसुरले कागद शतकानुशतके उतरवत आहेत. त्यांचा अर्थ कोणालाच कळत नाही. फ्रान्सिस या तरुण भिक्षूला एका जुन्या तळघरात लीबोविट्झच्या हातची वाणसामानाची यादी आणि एका विद्युतमंडलाची ब्लूप्रिंट सापडते. दोन्ही पवित्र अवशेष ठरतात. फ्रान्सिस पंधरा वर्षे खपून त्या आकृतीची सोन्याच्या वेलबुट्टीने सजवलेली नक्कल करतो. पोपकडे निघाल्यावर वाटेत दरोडेखोर त्याला गाठतो आणि सजवलेली नक्कल हिसकावून घेतो. जुनाट, कळकट मूळ प्रत फ्रान्सिसपाशी राहते. आम्हाला त्याहूनही आवडलेला तपशील असा : ब्लूप्रिंटमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असतात, म्हणून भिक्षू इमानेइतबारे सगळा कागद शाईने रंगवत आणि रेषांपुरती जागा कोरी सोडत. निळा रंग केवळ छपाईच्या पद्धतीमुळे येतो, आकृतीशी त्याचा संबंध नाही, हे फ्रान्सिसला फार उशिरा कळते. मजकूर कोणता आणि योगायोग कोणता, हे अर्थ ठाऊक असल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि अर्थ ठाऊक नसलेल्याने काहीही न गाळणे हेच शहाणपणाचे, कारण त्याने ‘सुधारलेली’ प्रत पुढच्यांच्या उपयोगाची उरत नाही. मूर्ख वाटणारा ख, हुशार ग पेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडला होता, हे आठवून पाहा.

आठवी ते दहावीच्या वर्गात हे करून पाहता येईल. आठ-दहा ओळींचा, मुलांच्या पाठात नसलेला एक उतारा निवडा. त्यात एखादा शब्द दोन लागोपाठच्या ओळींत यावा. तो हाताने लिहून दोघांना नकलायला द्या, वेळ थोडा कमीच द्या. त्या दोन प्रतींवरून चौघांना, त्या चारांवरून आठांना. कोणी कोणावरून उतरवले याची नोंद तुमच्यापाशी पाकिटात ठेवा, प्रतींवर नावाऐवजी फक्त अक्षरे घाला. मधल्या फेरीतल्या एकाला गुपचूप सांगा की अर्थ लागत नसेल तेथे नीट करून लिही. शेवटच्या फेरीतल्या एकाला दोन निरनिराळ्या प्रती समोर ठेवून लिहायला सांगा. मग शेवटच्या आठ आणि मधल्या दोनच प्रती दुसऱ्या तुकडीला द्या, बाकीच्या हरवल्या असे सांगा, आणि वंशवृक्ष काढून मूळ उतारा लिहायला लावा. दोन प्रतींवरून लिहिणारा कोणत्याच फांदीवर नीट बसत नाही, त्यावर मुले भांडतील. भांडू द्या, जिवाणू एकमेकांची जनुके उचलतात तेव्हा आमच्याकडेही तोच वाद होतो. पाकीट तास संपायच्या पाच मिनिटे आधी उघडा.